ज्ञान आणि विवेक

शास्त्र जाणणे हे ज्ञान होय. जाणलेले शास्त्र कोठे, केव्हा व कोणासाठी योजावे हे ओळखून तसे वर्तणे हा विवेक होय. या दोहोंना एकच मानल्याने साधकाची मोठी हानी होते. पाठांतर वाढत जाते आणि आचरण होते तेथेच राहते.

प्रथम व्यवहारातील दृष्टांत पाहावा. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात युसूफ वडगाव हे गाव आहे. त्या भागातील खरिपाची पेरणी पावसावर अवलंबून असते. मृग नक्षत्र जूनच्या 7 किंवा 8 तारखेस लागते, हे पंचांग पाहणारा कोणीही सांगेल. परंतु जाणता शेतकरी तेवढ्यावरून चाड्यावर मूठ धरीत नाही. तो माती उकरून ओल किती खोल गेली आहे ते पाहतो आणि वाफसा आल्यावरच पेरतो. वरवरच्या ओलीवर पेरलेले बी उगवते, पाऊस लांबताच करपते आणि दुबार पेरणीचा भार माथी येतो.

दार्ष्टांतिक असे की, नक्षत्र जाणणे ते ज्ञान, ओल ओळखणे तो विवेक. शब्दही बीजासारखाच आहे. श्रोत्याची भूमी न पाहता तो टाकला तर वाया जातो.

याचे थोर उदाहरण पंथाच्या इतिहासातच आहे. केशिराजबास हे संस्कृताचे गाढे पंडित. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या लीलांवर त्यांनी संस्कृतात ‘रत्नमालास्तोत्र’ रचिले. त्यांच्या विद्वत्तेत उणे काहीच नव्हते. तरीही आचार्य श्रीनागदेव, म्हणजे भटोबास, यांनी त्यांना संस्कृत रचनेपासून परावृत्त केले. मार्गात संस्कृत न जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया होत्या. ग्रंथ संस्कृतात गेला तर त्या स्वामींच्या वचनाला मुकतील, ही आचार्यांची चिंता होती. स्मृतिस्थळात हा प्रसंग नोंदलेला आहे.

येथे आचार्यांनी ज्ञानाचा अव्हेर केला, असे समजणे चुकीचे ठरेल. स्वामींनी ज्या भाषेत निरूपण केले ती मराठी, आणि ज्यांच्यासाठी केले ते साधे जीव, या दोहोंचे भान त्यांनी पंडिताला दिले. केशिराजबासांनीही ते मानले. स्वामींची वचने सूत्रपाठात आणि 114 दृष्टांत दृष्टांतपाठात त्यांनी मराठीतच संकलित केले. दृष्टांतांना जोडलेली दार्ष्टांतिके त्यांची स्वतःची आहेत. म्हणजे विद्वत्ता टाकावी लागली नाही. तिला योग्य जागा मिळाली.

म्हाइंभटही असेच पंडित. वाद जिंकण्याच्या ईर्षेने ते स्वामींकडे आले आणि शरण गेले. पुढे त्याच पंडिताने ज्यांनी लीला पाहिल्या-ऐकिल्या त्यांना विचारून माहिती गोळा केली आणि सुमारे 1278 मध्ये लीळाचरित्र सिद्ध केले. सांगण्याची सवय असलेला पंडित ऐकण्यास बसला, तेव्हाच हा ग्रंथ घडला.

सूत्रपाठात विचार आणि आचार ही दोन्ही प्रकरणे आहेत, हेही लक्षात ठेवावे. भिक्षू असो वा वासनिक, सूत्र पाठ झाल्यावर प्रत्येकाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत: याने आपले वर्तन कोठे पालटले? ऐकणाऱ्यास ते उमजले काय? आणि सांगताना बोध व्हावा ही इच्छा होती, की मान मिळावा ही? पहिल्या दोहोंची उत्तरे इतरांनाही दिसतात. तिसऱ्याचे उत्तर ज्याचे त्यानेच द्यावयाचे असते, आणि विवेकाचा आरंभ तेथूनच होतो.