हात नंतर, डोळे आधी

पोरी, लहान मुलांच्या हृदयरोगाच्या वॉर्डात तुझी ड्युटी लागली हे ऐकून काळीज सुपाएवढं झालं. झडपा आणि कप्पे तू पुस्तकातून माझ्यापेक्षा ताजे शिकून आली आहेस, ते मी शिकवणार नाही. मी सांगणार आहे ते खाटेपाशी उभं राहून करायचं काम. हृदयाचं दुखणं असलेलं बाळ आपली पहिली तक्रार श्वासातून करतं. प्रत्येक बाळाचा नेहमीचा श्वास वेगळा असतो, आणि तो तुझ्या ओळखीचा झाला की बिघाड मॉनिटरच्या आधी तुला कळेल.

१. खाटेजवळ गेलीस की दोन्ही हात मागे बांध आणि नुसती बघ – हात लावला की बाळ रडणार, आणि रडलं की श्वास, ठोके, रंग सगळंच बदलणार. हात नंतर, डोळे आधी.

२. श्वास पूर्ण एक मिनिट मोज. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची तुझी सवय मला ठाऊक आहे, ती दाराबाहेर ठेव – तान्ह्यांचा श्वास एका लयीत चालत नाही. नवजात बाळ पाच-दहा सेकंद थबकून पुन्हा नीट श्वास घेऊ लागलं तर एक वेळ चालतं. वीस सेकंद थांबलं, किंवा थांबताना रंग बदलला, ठोके उतरले, तर तिथूनच हाक मार.

३. मोजण्याआधी झबल्याचे बंद सोड, दुपटं बाजूला कर – तान्ही बाळं पोटाने श्वास घेतात, आणि आज्जीने प्रेमाने गुंडाळलेल्या तीन थरांखाली काहीच दिसत नाही. लंगोट घट्ट असेल तर तोही सैल कर, पोटाला हलायला जागा लागते.

४. हे आकडे पाठ असू देत: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. पण तेवढ्यावर थांबू नकोस – महिन्याचं बाळ काल झोपेत ४४ घेत होतं आणि आज झोपेतच ५६ घेतंय, तर ते साठच्या आत असूनही बिघडतंय.

५. आकड्याशेजारी बाळ काय करत होतं ते लिही: झोपलेलं, जागं, दूध पीत, रडत – झोपेतला आकडा रडण्यातल्या आकड्याशी ताडून पाहिला तर पुढच्या पाळीची सिस्टर फसते. लिहिलं ते राहिलं, बोललं ते सांडलं.

६. पुढचा प्रश्न स्वतःला विचार: श्वास नुसता भरभर आहे की कष्टाचा आहे? नाकपुड्या फुलतात का, गळ्याच्या खाचेत आणि बरगड्यांच्या मध्ये कातडी आत ओढली जाते का, प्रत्येक श्वासाला मान हलते का, ते वरून खाली क्रमाने बघ – क्रम ठरलेला असला की घाईतही काही सुटत नाही.

७. काही निळी बाळं भरभर श्वास घेतात, पण छातीत खड्डे पडत नाहीत, चेहराही शांत असतो. त्यांना “बरी दिसतात” म्हणून सोडू नको – रक्तात ऑक्सिजन कमी पडून आम्ल साठलं की शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकायला बघतं. फुप्फुस मोकळं असतं म्हणून कष्ट दिसत नाहीत.

८. श्वास सोडताना “अं… अं…” असं कण्हणं ऐकू आलं तर हातातलं काम टाक – फुप्फुसातले हवेचे फुगे मिटू नयेत म्हणून बाळ गळा आवळून हवा आत धरून ठेवतं. तो आवाज दुखण्याचा किंवा हट्टाचा नाही.

९. दमलेल्या बाळाचा श्वास आपोआप हळू झाला, कण्हणं थांबलं, खड्डे कमी दिसू लागले, तर आनंदाने “सुधारतंय” असं लिहिण्याआधी त्याच्या डोळ्यांत बघ. तरतरी आली असेल तर सुधारलंय. मलूल असेल, हाकेला डोळा उघडत नसेल तर त्याची ताकद संपत आली आहे – पहाटे तीन-चारच्या सुमारास आपलेही डोळे जड असतात, तेव्हा या दोन गोष्टी हमखास एकसारख्या वाटतात.

आता हृदयाला छिद्र असलेल्या बाळांचं बघू, तुझ्या वॉर्डात तीच जास्त येतील. पाटाचा बांध फुटून शेताला सोडलेलं पाणी परत विहिरीतच यावं, तसं शुद्ध झालेलं रक्त छिद्रातून वळून पुन्हा फुप्फुसात जातं. फुप्फुसं तुडुंब भरतात, श्वास वाढतो. जन्मल्या जन्मल्या हे दिसत नाही, कारण तेव्हा फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. त्या हळूहळू सैल होतात आणि मोठं छिद्र असलेलं बाळ बहुधा महिना-दोन महिन्यांचं होता होता धापा टाकू लागतं. म्हणून “जन्मलं तेव्हा अगदी ठणठणीत होतं हो” असं आई म्हणते, तेव्हा ती खरंच सांगत असते.

१०. आईला “दम लागतो का?” असं विचारू नकोस, ती “नाही” म्हणेल. “दूध पिताना मध्ये मध्ये सोडतं का? कपाळाला घाम येतो का? अर्धं पिऊन झोपतं आणि तासाभरात पुन्हा रडतं का? पोट उडतं का?” असं विचार – तान्ह्या बाळाचा व्यायाम म्हणजे दूध पिणं, त्यामुळे त्याचा दम तिथेच उघडा पडतो. थंडीच्या सकाळीही दूध पिताना घामाने टाळू ओली होत असेल, तर ते कागदावर यायलाच हवं.

११. एक वेळचं दूध पूर्ण होताना घड्याळ बघ. अर्ध्या तासापेक्षा जास्त लागत असेल तर डॉक्टरांना सांग, आणि नळीने पाजायचा निर्णय झाला तर आईला समजाव की ही तिची हार नाही – चोखण्यात जी ताकद जाते ती वाढीला उरत नाही.

१२. वजन रोज एकाच काट्यावर, एकाच वेळी, उघड्या अंगाने घे. पहिल्या तीन महिन्यांत बाळ रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. त्यापेक्षा कमी वाढलं तर वाईट, आणि एका दिवसात एकदम खूप वाढलं तर तेही वाईट – ते मांस नसतं, पाणी साठलेलं असतं. तान्ह्यांची सूज पायांआधी पापण्यांवर बघ. आणि उजव्या बरगडीखाली यकृताची कड कालपेक्षा खाली आली का, तेही गरम केलेल्या हाताने तपास.

१३. “फारच गुणी आहे, रडतच नाही” असं कुणी कौतुकाने सांगितलं की जरा जास्त वेळ थांब – रडायलाही श्वास लागतो.

१४. छातीत शिट्टी वाजते म्हणून लगेच दमा समजू नको, आणि ताप-खोकला आहे म्हणून नुसता न्यूमोनियाही समजू नको – भरलेली फुप्फुसं शिट्टी वाजवतात, आणि भरलेल्या फुप्फुसात जंतूही लवकर घर करतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी असू शकतात. वाफेतून साल्ब्युटामॉल द्यायचं ठरलं तर आधीचे आणि नंतरचे ठोके लिही, ते औषध ठोके वाढवतं.

१५. पहिल्या दोन आठवड्यांतलं बाळ धापा टाकत, राखाडी पडून, गार हातापायांनी आलं तर दोन्ही जांघांतली नाडी चाचपून बघ – महारोहिणी अरुंद असेल तर जन्माआधीपासून उघडी असलेली महारोहिणीजवळची नळी (डक्टस) मिटताच खालच्या अंगाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि वरवर ते जंतुसंसर्गाचंच दुखणं वाटतं.

मशीनबद्दल आता. मशीन तुझी मैत्रीण आहे, पण तिला प्रश्न विचारायला शीक.

१६. सॅच्युरेशनचा आकडा वाचण्याआधी प्रोबची लहर बघ आणि पाय चाचपून बघ – गार पायावर, हलत्या पायावर, फोटोथेरपीच्या झगझगीत दिव्याखाली आकडा खोटा येतो. आपल्या सावळ्या लेकरांत निळेपणा कातडीवर शोधू नको. जीभ, हिरड्या, ओठांची आतली बाजू बघ, आणि रक्त कमी असलेल्या बाळात निळेपणा दिसतच नाही हेही ध्यानात ठेव.

१७. नवजात बाळाचं सॅच्युरेशन उजव्या हातावर आणि कुठल्याही एका पायावर, दोन्हीकडे घे – उजव्या हाताला जाणारं रक्त त्या जन्माच्या नळीच्या आधी वळतं, पायाचं नंतर. तीनपेक्षा जास्त टक्क्यांचा फरक पुन्हा पुन्हा येत राहिला तर डॉक्टरांना कळव.

१८. प्रत्येक बाळाचं ठरवून दिलेलं सॅच्युरेशन पाळी सुरू होतानाच विचारून खाटेवर लाव – एकच कप्पा काम करणाऱ्या हृदयात ७५ ते ८५ हाच योग्य आकडा असू शकतो. तिथे ९८ बघून खूश होशील, आणि तोवर सगळं रक्त फुप्फुसाकडे धावत असेल. ऑक्सिजन फुप्फुसाच्या वाहिन्या सैल करतो. मात्र बाळ डोळ्यांदेखत कोसळत असेल तर ऑक्सिजन अडवून चर्चा करत बसू नकोस. दे, आणि हाक मार.

१९. प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप चालू असलेल्या बाळाच्या उशाशी त्याच्याच मापाचा मास्क आणि बॅग ठेव, आणि जोडून चालते का ते पाळीच्या सुरुवातीलाच बघ – हे औषध ती नळी उघडी ठेवतं, पण श्वास थांबवूही शकतं. सुरू केल्यानंतरच्या पहिल्या तासांत आणि दोन किलोच्या आतल्या बाळांत जास्त. सिरिंज संपत येण्याआधी दुसरी भरून तयार ठेव, हे औषध खंडित होऊन चालत नाही.

२०. फॅलोचं दुखणं (टेट्रालॉजी ऑफ फॅलो) असलेल्या बाळाची सकाळ सांभाळ. उठल्यावर, रडल्यावर, दूध पिताना, शी करताना ते एकाएकी गडद निळं पडून खोल आणि भरभर श्वास घेऊ लागलं, तर गुडघे दुमडून छातीशी धर, शक्यतो आईच्याच मांडीवर, ऑक्सिजन तोंडाजवळ ठेव आणि डॉक्टरांना बोलाव – गुडघे दुमडल्याने अंगातला दाब वाढतो आणि रक्त पुन्हा फुप्फुसाकडे वळतं. मॉर्फिन, सलाईन, प्रोप्रॅनोलॉल मागतील, ते कुठल्या कप्प्यात आहे हे डोळे मिटून सांगता यायला हवं. अशा वेळी घाई पायात असावी, आवाजात नको. तू किंचाळलीस की आई रडेल, आई रडली की बाळ आणखी निळं पडेल. अशा झटक्याच्या वेळी हृदयाची कुरकुर मंदावली तर बरं वाटून घेऊ नकोस, फुप्फुसाकडे रक्त जात नाहीये म्हणून ती ऐकू येत नाही.

या निळ्या मुलांसाठी पहिला मोठा मार्ग निघाला तो २९ नोव्हेंबर १९४४ रोजी, अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. कल्पना हेलन टाऊसिग यांची, शस्त्रक्रिया आल्फ्रेड ब्लेलॉक यांची, आणि प्रयोगशाळेत ती रीत घडवून ऑपरेशनच्या वेळी ब्लेलॉकांच्या मागे उभं राहून सांगणारे विवियन थॉमस. टाऊसिग बाईंना ऐकू कमी येई, म्हणून त्या बाळांच्या छातीवर हात ठेवून हृदयाची थरथर ओळखत. मला हे फार मोलाचं वाटतं. तूही स्टेथोस्कोप लावण्याआधी तळवा ठेवत जा. छातीत घरघरणारा कफही हाताला कळतो.

२१. ब्लेलॉक-टाऊसिग यांची ती शस्त्रक्रिया, म्हणजे शंट, झालेल्या मुलाचा रक्तदाब आणि नाडी शंटच्या बाजूच्या हातावर घेऊ नको – त्या हाताची रक्तवाहिनी फुप्फुसाकडे जोडलेली असते, आकडा कमी येतो आणि सगळा वॉर्ड धावतो.

२२. ऑपरेशननंतर व्हेंटिलेटर निघाला की छातीच्या दोन्ही बाजू सारख्या वर येतात का ते पायथ्याशी उभं राहून बघ. एका बाजूला श्वास आत घेताना पोट वर येण्याऐवजी खाली जात असेल तर सांग – छाती-पोटामधल्या पडद्याच्या स्नायूची नस दुखावलेली असू शकते, आणि असं बाळ पुन्हा पुन्हा व्हेंटिलेटरवर जातं.

२३. रडणं घोगरं झालं असेल तर पहिलं दूध तोंडाने देण्याआधी विचार – स्वरयंत्राची नस दुखावली असली तर दूध श्वासनलिकेत जातं. दूध सुरू झाल्यावर छातीच्या नळीतलं पाणी दुधाळ झालं, किंवा भरपूर वाहणारी नळी एकदम कोरडी पडली आणि ठोके वाढले, तरी तितक्याच तातडीने सांग. कोरडी नळी म्हणजे बरं झालं असं नसतं, रक्त हृदयाभोवती साठत असू शकतं.

२४. डॉक्टरांना फोन करताना “बाळ ठीक वाटत नाही” एवढंच बोलू नको. “झोपेत ४४ होतं, आता ६२ आहे, खड्डे पडतायत, अर्धंच दूध प्यायलं, तुम्ही येऊन बघा” असं सांग – झोपेतून उठलेल्या माणसाला आकडा लवकर जागं करतो. आणि आकडे सगळे बरोबर असूनही तुझं मन खात असेल, तरी बोलाव. ओरडा खाल्लेला पुसता येतो.

२५. घरी सोडण्याच्या दिवशी आईकडून तुझ्यासमोर एकदा पूर्ण मिनिट श्वास मोजून घे. बाळाचा झोपेतला नेहमीचा आकडा आणि वॉर्डाचा फोन नंबर फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही – गावच्या दवाखान्यात रात्री नवा डॉक्टर असेल, तर त्याला हे बाळ एरवी कसं असतं ते त्याच पानावरून कळेल. तिच्या अंगणवाडीचं नावही विचारून घे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी पथकं २०१३ पासून तिथे येतात, पुढची तपासणी आणि ऑपरेशनची सोय लावायला त्यांचा हात लागतो. आईला वाचता येत नसेल तर थांबून तिच्याच बोलीत सांग: पोट उडायला लागलं, दूध सोडलं, घाम सुटला, ओठ काळे पडले, की सकाळची वाट बघायची नाही.