शेळ्यांचा आंत्रविषार आणि मृत लसीची दुसरी टोंचणी

मृग लागला कीं नाणेघाटाच्या पायथ्याशीं, वैशाखरे व त्याच्या आसपासच्या वाड्यांतून, एक तक्रार बहुतेक दर वर्षीं कानीं येते. संध्याकाळीं पोट भरून परतलेली शेळी सकाळीं गोठ्यांत मरून पडलेली आढळते; आणि नेमकी तीच कळपांतील धष्टपुष्ट असते. कोणी विषारी पाला खाल्ल्याचें सांगतो, कोणी सर्पदंश म्हणतो, कोणी शेजाऱ्याच्या नजरेवर खापर फोडतो. अशा वेळीं आंत्रविषाराचा संशय प्रथम घ्यावा.

या रोगाचा जंतु, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, निरोगी शेळीच्या आंतड्यांतहि थोड्या संख्येनें वास करतो व एरव्हीं निरुपद्रवी असतो. उन्हाळाभर वाळलेल्या गवतावर व पाल्यावर राहिलेलें जनावर पहिल्या पावसानंतर कोंवळ्या गवतावर तुटून पडतें, किंवा सांडलेलें धान्य त्याच्या तोंडीं लागतें. तेव्हां न पचलेलें अन्न आंतड्यांत उतरून जंतूंस मेजवानीच मिळते. त्यांतील ‘ड’ प्रकारचे जंतु एप्सिलॉन नांवाचें द्रव्य सोडतात. तें मूळचें जवळजवळ निर्विष असतें. आंतड्यांतील पाचकरस त्यास विषाचें रूप देतात. म्हणजे शेळीचें पचनच तिच्यावर उलटतें. विष रक्तांत शिरलें म्हणजे करडूं आचके देऊन कांहीं तासांत मरतें. मोठ्या शेळीस हगवण लागून ती दोन-तीन दिवस तग धरते. औषधास अवसर असा फारसा मिळत नाहीं. म्हणून लस.

जंतु मारून त्यांचीच लस करावी, ही युक्ति जुनी आहे. १८८६ सालीं अमेरिकेंत सॅमन व स्मिथ यांनीं उष्णतेनें मारलेले जंतु कबुतरांस टोंचून त्यांचें रक्षण होतें असें दाखविलें. आपल्याकडे जनावरांच्या जंतुरोगांची सरकारी प्रयोगशाळा १८८९ सालीं पुण्यासच निघाली. १८९३ सालीं ती हिमालयांत मुक्तेश्वरास गेली, व आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. माणसांच्या बाबतींत हाफकिन यांनीं मुंबईस प्लेगचे जंतु मांसाच्या काढ्यांत, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवून, वाढविले. मग ते सत्तर अंशांवर तापवून मारले व १० जानेवारी १८९७ रोजीं ती लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली.

आंत्रविषारांत मात्र जंतु नुसता मारून भागत नाहीं, कारण मारक तें त्याचें विष. येथें फॉर्मॅलिन उपयोगी पडतें. जंतु बंद पात्रांत, हवा न लागूं देतां, वाढवितात. विष पुरेसें उतरलें म्हणजे त्यांत बेताचें फॉर्मॅलिन घालून पात्र कित्येक दिवस उबेंत ठेवतात. जंतु मरतात आणि विषाचा दंश जातो, पण शरीरास ओळख पटावी इतकें त्याचें रूप शिल्लक राहतें. फॉर्मॅलिन कमी पडलें तर लसच जनावर मारील. अति झालें तर ओळखच पुसली जाईल. पुढें तुरटीसारखें ॲल्युमिनियमचें द्रव्य मिसळतात, त्यामुळें लस टोंचल्या जागीं रेंगाळून हळूहळू काम करते. जिवंत जंतु उरला नाहीं ना, उंदरांस अपाय होत नाहीं ना, आणि सशाच्या रक्तांत विषनाशक द्रव्य पुरेसें उपजतें ना, या परीक्षा झाल्यावरच बाटली बाहेर पडते. आपल्या राज्यांत हें काम औंध, पुणें येथील पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेंत होतें.

आतां मुख्य मुद्दा. जिवंत लसींतील जंतु शरीरांत थोडेबहुत वाढतो व धडा पुन्हां पुन्हां गिरवून घेतो. मृत लस वाढत नाहीं. जेवढी टोंचली तेवढीच. म्हणून पूर्वीं कधींच लस न टोंचलेल्या शेळीस पहिल्या टोंचणीनें केवळ ओळख होते. खरें बळ दोन-तीन आठवड्यांनीं दिलेल्या दुसऱ्या टोंचणीनें येतें. तलाठ्यानें फेरफाराची नोंद घातली म्हणजे काम झालें, असें खातेदारास वाटतें. पण नोंद प्रमाणित होईपर्यंत सातबाऱ्यावर तिचा अंमल होत नाहीं. पहिली टोंचणी ही तशी नुसती नोंद होय. आमच्याकडे पहिल्या दिवशीं गर्दी होते आणि दुसऱ्या खेपेस माणसें लावणीच्या तयारींत असतात. मग शेळी मेली कीं लसीस दोष. शिवाय या लसीचें बळ मेंढीपेक्षां शेळींत कमी टिकतें; म्हणून वर्षांतून एकदांच्या टोंचणीवर न थांबतां सहा महिन्यांनीं पुन्हां टोंचावें कीं काय, हें पशुवैद्यास अवश्य विचारावें.

लस थंड, दोन ते आठ अंशांत ठेवावी. पण गोठूं देऊं नये. हें मीं चुकून शिकलों. एकदां बाटली नीट गार राहावी म्हणून मीं ती थेट बर्फांत पुरून आणली. गोठून वितळल्यावर खालीं गुठळ्या बसल्या, हलवूनहि त्या मोडेनात, आणि सारी बाटली फेंकावी लागली. टोंचण्यापूर्वीं बाटली हलवावी, सुई उकळलेली असावी, उघडलेली बाटली उद्यांसाठीं ठेवूं नये. १९०२ सालीं पंजाबांत मुल्कोवाल गांवीं प्लेगच्या लसीच्या एकाच बाटलींत धनुर्वाताचा जंतु शिरून १९ माणसें दगावलीं. हाफकिन यांजवर ठपका आला, पण दोष प्रयोगशाळेचा नसून बाटली गांवीं उघडतांना घडल्याचें पुढें मानण्यांत आलें.

आमच्या बाजूस पहिली टोंचणी एप्रिलच्या अखेरीस व दुसरी मेच्या तिसऱ्या आठवड्यांत साधली, तर मृगापूर्वीं अंगांत बळ येण्यास पंधरवडा मिळतो. गाभण शेळीस विण्यापूर्वीं महिना-सव्वा महिना टोंचल्यास तिच्या चिकांतून करडांस रक्षण मिळतें. अशा करडांस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास स्वतःची पहिली टोंचणी द्यावी. ही लस घटसर्पावर वा शेळ्यांच्या पीपीआर रोगावर चालत नाहीं. त्यांच्या लसी निराळ्या. आणि टोंचणी झाली तरी पहिल्या पावसाच्या आठवड्यांत शेळ्या सकाळीं थोडें वाळलें गवत खाऊं घालूनच कोंवळ्या चाऱ्यावर सोडाव्या.