पाहुणे येणार, मोगरा मुका

प्रश्न : पेणला आमच्या अंगणात मोगरा आहे. पानं भरगच्च, कळी एकही नाही. १ मेच्या सुट्टीला लेक-जावई, नातवंडं आणि रोह्याहून नणंदबाई येणार आहेत. तोवर फुलं येतील का? खत घालू का?
– एक वाचक, पेण

उत्तर : ताई, खरं सांगायचं तर १ मेपर्यंत नाही. पण नातवंडं मे महिनाभर राहणार असतील, तर त्यांच्या ओंजळीत मोगरा नक्की पडेल.

मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते. जानेवारी-फेब्रुवारीत छाटणी झाली नसेल, तर जुन्या फांद्या नुसती पानं वाढवतात. म्हणून आजच प्रत्येक फांदीचा शेंडा चार बोटं कापा, जून पानं ओरबाडून काढा. दोन-तीन दिवस पाणी तोडा, मग सकाळी भरपूर द्या. साधारण चार ते सहा आठवड्यांत बहर येतो. युरिया मुळीच नको, त्यानं पानंच माजतात. मूठभर कुजलेलं शेणखत पुरे.

पानांच्या कडा तपकिरी, करपल्यासारख्या दिसतात का, तेही पाहा. पेणच्या खाडीकडच्या गावांत विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं आणि मोगऱ्याला खार सोसत नाही. तसं असेल तर नळाचं पाणी घाला, बुंध्याशी भाताचा पेंढा पसरा. झाड दिवसातून पाच-सहा तास उन्हात हवंच. आंब्याच्या सावलीत कितीही लाड केले तरी ते फुलणार नाही.

सुट्टीपुरती नणंदबाईंकडून अबोली मागवा. ती झाडावर दोन-तीन दिवस टिकते, वेणीतही लवकर कोमेजत नाही. मोगरा आला की टपोऱ्या कळ्या संध्याकाळी खुडून ओल्या फडक्यात ठेवा, रात्री उमलतील.