सामान आधी, माणसं मागाहून

बेंगळुरूचं बिऱ्हाड आवरून राजापूरला परत आल्यापासून त्याच विचारात असलेल्या जोडप्यांचे फोन येतात. पहिला प्रश्न पैशांचा असतो, दुसरा हमखास रस्त्याचा. ‘तुम्ही म्हणे किनाऱ्याने आलात? कसं वाटलं?’ छान वाटलं. सकलेशपूरवरून शिराडी घाट उतरून मंगळुरू, आणि तिथून ६६ क्रमांकाच्या महामार्गाने समुद्र डाव्या हाताला ठेवत उडुपी, कुंदापूर, होन्नावर, कारवार, गोवा, सावंतवाडी करत घरी. त्याच रस्त्याने या, असं मी आजही सांगते. पण सामानाचा ट्रक तुमच्या मागून पोचेल, पुढे नाही, एवढी तजवीज करा आणि मगच गाडीला चावी लावा.

ट्रक किनाऱ्याने येत नाहीत. हुबळी, बेळगाव, कोल्हापूर असा सरळ रस्ता धरतात आणि तिथून एखादा घाट उतरून कोकणात येतात. आमच्या मूव्हर्सवाल्याने ‘आठवडाभरात डिलिव्हरी’ असं सांगितलं होतं. आम्ही त्याचा अर्थ आठवड्याच्या शेवटी असा घेतला, त्याचा अर्थ आठवड्यात कधीही असा होता. मरवंथेला गाडी थांबवून आम्ही उतरलो होतो. तिथे महामार्गाच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी. नदी समुद्राच्या इतकी जवळ येते की आता मिळणार असं वाटतं, आणि तशीच वळून पुढे निघून जाते. तेवढ्यात सासूबाईंचा फोन. ‘अगो, वर रस्त्यावर ट्रक येऊन उभा राह्यलाय. माणसं म्हणतायत, घरापर्यंत न्यायचं आमच्याकडे नाही. काय करू मी?’

आमचं घर खाली आगरात आहे आणि गाडीरस्ता वर सड्यावर. मध्ये जांभ्या दगडाची पाखाडी. ट्रक तर सोडाच, रिक्षाही खाली येत नाही. करारात ‘घरपोच’ असं लिहिलेलं होतं, पण बेंगळुरूच्या माणसाच्या डोक्यात घरपोच म्हणजे लिफ्टपर्यंत. कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन त्या पायऱ्यांवरून उतरवायला त्याने जादा पैसे मागितले, आणि पैसे खात्यात आल्याशिवाय दोर सोडणार नाही म्हणाला. मामंजींनी वाडीतल्या पोरांना हाक मारली, त्यांनी सगळं खाली आणलं. आम्ही मात्र पुढचे तीन तास नदीकडे आणि समुद्राकडे पाठ करून फोनवर होतो. सामानाची सही केलेली यादी आमच्या गाडीत, खोकी मोजणाऱ्या सासूबाई राजापुरात. तिथे चौदा खोकी की पंधरा, हे फोटो पाठवून ठरवायचं आणि त्यात फोनची रेंज जायची!

म्हणून मूव्हर्सशी बोलताना ‘घरपोच’ या शब्दावर जाऊ नका. गाडीरस्ता कुठे संपतो, तिथून घर किती पावलं, किती पायऱ्या, याचा फोटो काढून त्यांना आधीच पाठवा आणि उतरवण्याचा खर्च कोणाचा ते लेखी घ्या. सामान स्वतंत्र ट्रकने जाणार की दुसऱ्या लोकांच्या सामानाबरोबर, हेही विचारा. स्वस्त दर बहुतेक वेळा वाटून घेतलेल्या ट्रकचा असतो. मग वाटेत कुठल्या तरी गोदामात माल उतरतो, पुन्हा चढतो, आणि आदळआपट होते ती तिथेच. बिल्टी हातात असल्याशिवाय ट्रक सोडू नका. वाहतुकीच्या विम्याचे पैसे घेतले असतील तर विम्याचा कागदही मागा, नुसती बिलावरची ओळ पुरत नाही. यादीची एक प्रत गावाकडच्या माणसाला आधीच पोचलेली हवी. सगळ्यात उत्तम म्हणजे ट्रक भरण्याची तारीख अशी घ्या की तुम्ही घरी पोचून, आंघोळ करून, चहा पिऊन मग त्याची वाट बघाल. थोडे दिवस सामान गोदामात ठेवण्याचे पैसे लागले तर लागू देत.

गाडीत काय ठेवायचं यावर आमचा घरात बराच वाद झाला. नवरा म्हणत होता, जागा आहे तर भरूया. मी आजही याच्या विरुद्ध आहे. मूळ कागदपत्रं, दागिने, औषधं, लॅपटॉप, देव आणि दोन दिवसांचे कपडे, बस्स. मागची काच झाकली गेली की आरशाचा उपयोग राहत नाही. स्टेपनी डिकीच्या तळाशी असते. डिकी गच्च भरली आणि टायर पंक्चर झालं, तर कुकरपासून मिक्सरपर्यंत अख्खं स्वयंपाकघर महामार्गाच्या कडेला मांडावं लागतं. भरलेल्या गाडीला टायरमध्ये हवाही जास्त लागते. किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं. मागचा भाग दबला की दिवे वर उचलले जातात आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातात. त्यासाठी स्टिअरिंगजवळ शून्यापासून आकडे असलेलं छोटं चाक असतं, ते फिरवून झोत खाली घ्यायचा. शिराडी घाटात मंगळुरूकडून येणारे गॅसचे टँकर रांगेने चढत असतात. उतरताना गिअर खालचा ठेवा. ब्रेकवर सतत पाय ठेवला की भरलेल्या गाडीचे ब्रेक तापतात आणि मग ऐन वेळी लागत नाहीत.

आम्ही नोव्हेंबरात आलो. पावसाळ्यात हा रस्ता फारच सुंदर दिसतो, असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि जाऊ नका. १६ जुलै २०२४ ला अंकोल्याजवळ शिरूरला दरड महामार्गावर आली आणि चहाचं दुकान, माणसं, वाहनं गंगावळी नदीत गेली. त्यातला एक ट्रक नदीतून वर काढायला सप्टेंबर उजाडला. दरड आली त्यानंतर तीन आठवड्यांनी, ७ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर, कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल ट्रकसकट खाली गेला. महाडचा सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ ला गेला तो याच महामार्गावर, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. डिसेंबरचा शेवटचा आठवडाही टाळा. गोकर्ण, मुर्डेश्वर, गोवा, कुठेच खोली धड भावात मिळत नाही.

गोव्यातून बाटल्या आणायचा मोह होतो. सामानाने भरलेली, बाहेरच्या राज्याच्या नंबराची गाडी तपासणीला बाजूला घेणं पोलिसांना किंवा उत्पादन शुल्कवाल्यांना काहीच अवघड नसतं. तेवढ्यासाठी देवांची पेटी रस्त्यावर उघडून दाखवायची काय?

बेंगळुरूतल्या घराचं डिपॉझिट कित्येक महिन्यांच्या भाड्याइतकं असतं आणि निघताना रंगाचे पैसे कापण्याची तिथे रीत आहे. किल्ली देण्याआधी रिकाम्या खोल्यांचा, नळांचा, भिंतींचा व्हिडिओ करा आणि हिशेब समोरासमोर मिटवा. फोनवर मिटवायचा म्हटला तर उडुपीपासून गोव्यापर्यंत तोच विषय पुरतो. गॅसचं सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून कागद घ्या, म्हणजे गावात कनेक्शन घेताना अडत नाही. सिलिंडर ट्रकमध्ये चढवू नका, गाडीत तर नाहीच.

आता थोडं अवघड बोलते. मरवंथे सोडल्यापासून हा गप्प होता. मला वाटलं, ट्रकवरून रुसलाय. होन्नावरला शरावतीच्या पुलावर, मी खिडकीतून बोटी बघत असताना, तो म्हणाला, ‘घरात रेंज आली नाही तर मी काम कुठून करणार गं?’ आमच्या आगरात रेंज खरंच येत नाही, सड्यावर येते. हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. मलाही गणपतीत दरवर्षी दिसत होतं, पण तेव्हा रेंज नसल्याचं दोघांना बरंच वाटायचं. पुढे कारवारपर्यंत पैसे, आंबा-काजूचा भरवसा, माझी अर्धवेळ नोकरी, सगळं निघालं. खारेपाटणच्या खाडीपाशी पोचेतो बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हे बोलणं बेंगळुरूच्या जेवणाच्या टेबलावर व्हायला हवं. त्याआधी सणवार नसलेला एखादा आठवडा गावच्या घरात बसून नोकरीचं काम करून बघा. वीज कधी जाते, नेट कुठल्या पायरीवर येतं, दुपारी घरात किती माणसं येतात, हे त्यातून कळतं.

गाडीचं एक काम निघण्याआधी सुरू करा. परराज्याची गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथली नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळच्या आरटीओचं ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८, लागतं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमतीही लागते. ही कागदपत्रं बेंगळुरूत राहूनच मिळवा, इथून धावपळ करणं महागात पडतं. रत्नागिरीत एमएच ०८ नंबर मिळाला की विम्यावर तो बदलून घ्यायचा आणि फास्टॅग नव्या नंबराचा काढायचा. कर्नाटकात भरलेल्या आजीवन करातला उरलेला भाग परत मागता येतो. अर्ज जरूर करा, पण ते पैसे येईपर्यंत घराच्या खर्चात धरू नका.