पणदऱ्याहून आई-अण्णा येणार असतील तर

इथे परदेशात नोकरी लागली, घर मांडलं की वर्षभरात आई-अण्णांना बोलवायचा विषय निघतोच. अर्ज जातो, पंधरवडा उलटतो आणि गावाकडून रोज फोन सुरू होतो, "व्हिसाचं काय झालं?" आधी आलेल्या घरांनी आपल्या अनुभवातून जे सांगितलं, ते नव्यांसाठी इथे एकत्र केलं आहे.

शेंगेन देशांच्या व्हिसाच्या निर्णयाची मुदत साधारण १५ दिवसांची, पण जास्त तपासणी लागली तर ४५ दिवसांपर्यंत जाते. ब्रिटन भेटीच्या व्हिसाला तीनेक आठवडे सांगतं. अमेरिकेचं वेगळंच. तिथे वाट बघायची ती मुलाखतीच्या तारखेची. मुलाखत झाली की बहुतेकांना खिडकीवरच कळतं. तिथे २२१(जी)ची चिठ्ठी हातात पडली, तर कागद किंवा चौकशी बाकी आहे असं समजा. त्या चौकशीला ठरलेली मुदत नाही. अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीचं केंद्र कागद आणि बोटांचे ठसे पुढे पाठवतं, निर्णय त्या देशाचा अधिकारी घेतो. काउंटरवरच्या पोराशी हुज्जत घालून काही हाती लागत नाही.

आपल्या भागातल्या अर्जांचं घोडं बहुधा पैशाच्या कागदांवर अडतं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे अण्णांनी रिटर्न कधी भरलेलंच नसतं. खात्यात दरमहा पगार नाही. माळेगाव कारखान्याचं ऊसबिल आलं की एकदम मोठी रक्कम, त्यातून सोसायटीचं कर्ज वळतं होतं, मग महिनोन्‌महिने नुसता खर्च. पणदऱ्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण परक्या अधिकाऱ्याला तीच रक्कम व्हिसासाठी कुणीतरी आणून टाकल्यासारखी वाटते, आणि फाइल बाजूला पडते.

म्हणून दोन-तीन हंगामांच्या ऊसबिलाच्या पावत्या, सातबारा, आठ-अ आणि या सगळ्याचं इंग्रजी भाषांतर जोडा. सोबत एका पानाचं पत्र द्या: जमीन किती, बिल कोणत्या तारखेला जमा झालं, पासबुकात ती नोंद कुठे आहे. आठवडाभर आधी पाहुण्यांकडून उसने दोन लाख खात्यात ठेवायची युक्ती तेवढी करू नका. तिनेच संशय वाढतो.

दुसरी अडचण नावांची. आईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर मागे 'बाई', पासपोर्टवर आणखी तिसरंच. जन्मतारखेचंही तेच. गुरुजींनी अर्ध्या गावाला १ जून लावून दिली आहे! दोघांचीही तीच असली तरी बिघडत नाही, फक्त सगळ्या कागदांवर एकच हवी. हे सगळं अर्जाआधी दुरुस्त करून घ्या. एकदा अर्ज गेला की सवड मिळत नाही.

ऊस तुटल्यावर एप्रिलमध्ये अर्ज आणि मेमध्ये विमान, असा बेत आखू नका. उन्हाळ्यात सगळ्यांचीच गर्दी असते. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आणि व्हिसा मंजूर होऊन पासपोर्ट हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.