एकाच एसएसडीवर दोन बिऱ्हाडं

साहित्य: विंडोज १०चा जुना लॅपटॉप, १ टीबीची अडीच इंची साटा एसएसडी, ती बाहेरून जोडायला यूएसबी केबल, दोन पेनड्राइव्ह (एकावर क्लोनझिला, दुसऱ्यावर लिनक्स मिंट) आणि सुट्टीचा एक अख्खा दिवस.

विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर सहसा विंडोज ११ला चालत नाही. तरी विंडोज पुसून टाकवत नाही. कुणाचं टॅली त्यात असतं, कुणाचा जुना प्रिंटर त्याच्याशिवाय बोलत नाही. म्हणून जुन्या डिस्कवरचं विंडोज जसंच्या तसं नव्या एसएसडीवर उतरवायचं आणि मिंट त्याच्या शेजारी बसवायचं.

आधी फोटो आणि कागदपत्रं वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या. मग विंडोजमध्ये तीन गोष्टी बघायच्या. सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’पुढे यूईएफआय लिहिलेलं हवं, लेगसी असेल तर ही कृती तुमच्यासाठी नाही. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर बंद करा आणि ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. पॉवर ऑप्शन्समधलं फास्ट स्टार्टअपही काढा. ते चालू असलं की विंडोज बंद झाल्यासारखं दिसतं, पण खरं तर डुलकी घेत असतं आणि मिंटला त्या पार्टिशनवर काही लिहिता येत नाही.

आता एसएसडी केबलने जोडा, लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. ‘डिव्हाइस टू डिव्हाइस’, मग ‘डिस्क टू लोकल डिस्क’. तो आधी स्रोत विचारतो, नंतर लक्ष्य. इथे घाई नको. एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नका, आकार वाचा: ५०० जीबीची जुनी, १००० जीबीची नवी. उलट निवडलंत तर कोरी डिस्क भरल्या डिस्कवर उतरेल. तो दोनदा ‘नक्की का?’ विचारतो, ते याचसाठी.

डिस्क बदलणं त्यामानाने सोपं. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही, आणि स्क्रू वाटीत ठेवा. जुनी डिस्क बाजूला काढून ठेवा. क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्कची ओळख एकच असते, त्या एकत्र जोडून विंडोज सुरू करायचं नाही. दुसरंही कारण आहे. एकदा मी जुनी डिस्क केबलला तशीच लोंबकळत ठेवून मिंट बसवलं. बूटलोडर तिच्यावर जाऊन बसला. केबल काढली आणि मिंट गायब!

विंडोज नव्या एसएसडीवरून उघडलं की डिस्क मॅनेजमेंट बघा. उजवीकडे काळ्या पट्टीखाली सुमारे ४६५ जीबी ‘अनअलोकेटेड’ दिसेल. सगळे इथे सी ड्राइव्ह ताणायला धावतात आणि नंतर मिंटसाठी तोच पुन्हा आकसवत बसतात. आकसताना मध्येच न हलणाऱ्या फाइली आडव्या येतात, मग हवी तेवढी जागा सुटत नाही. आयती मोकळी जागा मिळाली आहे, ती मोडू नका. मिंटला किमान २० जीबी लागते, १०० असावी अशी शिफारस आहे, तेवढी सोडा. उरलेल्यात एनटीएफएसचं एक पार्टिशन करा. फोटो, गाणी तिथे ठेवली की दोन्हीकडून दिसतात.

मिंटच्या पेनड्राइव्हवरून सुरू करताना बूट मेन्यूची कळ लागेल. कुठे एफ१२, कुठे एफ९, कुठे एस्केप. आधी न बसवताच वायफाय, आवाज, टचपॅड चालतात का पाहा. मग इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’ निवडा. मोकळी जागा निवडून अधिकचं चिन्ह दाबा, प्रकार ईएक्सटी४, माउंट पॉइंट एक तिरकी रेघ. स्वॅपला वेगळं पार्टिशन नको. ईएफआयचं छोटं पार्टिशन, बहुधा १०० एमबीचं, आधीपासून आहे. तेच वापरायचं आणि त्यापुढच्या ‘फॉरमॅट’ चौकोनात चुकूनही खूण करायची नाही. विंडोज सुरू होण्याची किल्ली तिथेच आहे.

सिक्युअर बूट चालू असताना मल्टिमीडिया कोडेक निवडलेत तर मिंट एक पासवर्ड ठरवायला लावतं. पुढच्या वेळी सुरू करताना निळा पडदा येतो. तो काही सेकंदच थांबतो. कळ दाबून ‘एन्रोल एमओके’ निवडा आणि तोच पासवर्ड द्या. हा पडदा हुकला की काही वायफाय कार्डांचे ड्रायव्हर लोड होत नाहीत आणि आपण राउटरला शिव्या घालत बसतो.

यापुढे ग्रबच्या यादीत मिंट आणि ‘विंडोज बूट मॅनेजर’ दोन्ही दिसतील. एखाद्या अपडेटनंतर थेट विंडोजच उघडू लागलं तर घाबरू नका, बायोसमध्ये जाऊन बूटक्रमात मिंटची नोंद (बहुधा ‘उबंटू’ नावाने) पुन्हा वर न्या.

विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडलं तर तेही बिघडलेलं नाही. मिंटने लॅपटॉपच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिली आणि विंडोज ती भारतीय समजून वाचतंय. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएलने घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवा.