रुळांच्या कडेने, पेटीच्या शोधात

प्रश्न : परदेशात जुन्या रेल्वेमार्गावरून सायकलने किंवा चालत जाऊन लपवलेली ‘लेटरबॉक्स’ शोधतात. बेळगाव-निपाणी भागात हे जमेल का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : जमेल, पण रुळांवरून नव्हे. निपाणीला रेल्वे नाही आणि बेळगावातून जाणारा मिरज-लोंढा मार्ग वाहता आहे. रुळांवरून चालणं रेल्वे कायदा १९८९, कलम १४७ नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून बेळगावहून देसूर, खानापूरकडे सायकलने रस्त्यानेच जा.

या खेळाचं मूळ इंग्लंडच्या डार्टमूरमध्ये. १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल इथे भेटपत्रांसाठी बाटली ठेवली. आज डब्यात वही आणि रबरी शिक्का असतो. पेटीतला शिक्का आपल्या वहीत उठवायचा, आपला तिच्या वहीत.

डबा ओळखीच्या शेतात, मालकाला विचारूनच ठेवा. स्टेशनात बेवारस डबा दिसला तर पोलीस येतील! इकडचा पाऊस वही सोडत नाही; घट्ट झाकणाचा डबा घ्या, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा. डबा शोधायला दिलेली खूण साधी असावी : ‘विहिरीपासून वीस पावलं, चिंचेच्या बुंध्याशी.’